म्हसूच्या घरी काही संपत नाही

आमच्या म्हसूसमोर 'संपलं' म्हणायची सोय नाही. म्हणणारा पाहुणा असो नाहीतर तलाठी, म्हसू हातातली कपबशी खाली ठेवतो आणि सांगतो, "तसं बोलू न्हाई. वाढलं म्हणावं."

म्हणजे पीठ संपलं तर पीठ वाढलं. मीठ संपलं तर मीठ वाढलं. ही बायकांची बोली आहे, मला ठाऊक आहे. डब्याच्या तळाला हात लागला की माझी मायसुद्धा असंच म्हणायची. पण म्हसू पडला पुरुष माणूस. जन्मभर मेंढरं राखलेला, पांढऱ्या मिशांचा. तो शिरूरच्या बाजारात आप्पा वाण्याच्या दुकानात जाऊन मोठ्यानं सांगतो, "आप्पा, तेल लई वाढलंय!" आप्पा म्हणतो, "व्हय ना म्हसूबा, डाळ बी वाढलीय." मग दोघं महागाईवर बोलत बसतात, सरकारला शिव्या देतात, आणि म्हसू तेल न घेताच घरी येतो.

डॉक्टरनं एकदा विचारलं, "बीपीच्या गोळ्या?" म्हसू म्हणाला, "वाढल्या." डॉक्टर खूश. म्हणाला, मग आधी शिल्लक आहेत त्या घ्या. हा तसाच बिनगोळीचा हिंडत राहिला, चक्कर येऊन मेंढराच्या अंगावर पडला तेव्हा भानगड कळली. मी म्हणालो, "कावून असं बोलतो बे? सरळ सांगायचं, संपल्या." तर झोपल्या झोपल्या मलाच डोळे वटारले.

मी म्हसूचा साडू. माझी बायको थोरली, त्याची हौसा धाकटी. मी नेकनूरकडचा, तो शिरूर कासारच्या पुढचा. हौसा होती तोवर ही बोली तिची होती आणि म्हसू तिच्यावर खेकसायचा. "वाढलं म्हणती आन डबा रिकामा दाखविती," म्हणायचा. हौसा वारली, आणि मातीहून परत आल्यावर चहा करायला गेलेल्या बाईनं आतून विचारलं, "साखर संपली का हो?" त्यावर म्हसू ओट्यावरून म्हणाला, "वाढली." तेव्हापासून तोच शब्द धरून बसलाय. मीही कमी हट्टी नाही, पण माझा हट्ट कशासाठी आहे ते मला तरी ठाऊक असतं.

तर त्या रविवारची गोष्ट. म्हसूचा एकुलता एक दत्ता पुण्याला नोकरीला आहे. तो, त्याची बायको आणि लेक ओवी मित्राच्या लग्नाला बीडला आले होते. गावाकडं यायला सवड नव्हती. मग त्यानंच तोड काढली. म्हणे फोनवर एक खेळ मिळतो. फोन कोडं घालतो, आपण शहरात हिंडून ती जागा शोधायची, तिथं सगळ्यांनी मिळून फोटो काढायचा, मग पुढचं कोडं. "आबा, तुम्ही बीडला या. दुपारपर्यंत सोबत खेळू, मग आम्ही पुण्याला निघू."

म्हसूनं मला फोन केला. "साडू, पोरं बीडात यायलीत. तू बी ये."

"मी कशाला?"

"काम हाय."

काम काय ते बसस्टँडवर कळलं. नवी टोपी, धुतलेलं धोतर, आणि चेहरा चोरी करायला निघाल्यासारखा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सून रातच्या परवासाला भ्याती. खेळ लांबला, दिस कलला, तर पुण्याला निघायचे न्हाईत. मंग आपलं गाव हायच की जवळ. एक मुक्काम व्हतो."

"मग तोंडानं सांग ना, मुक्कामाला चला म्हणून."

"आन न्हाई म्हणले तर?"

माझा दंड धरून तो म्हणाला, "तू फकस्त उत्तर सांगू नको. तुला लई घाई असती शाणपणाची."

पहिलं कोडं आलं. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "पाण्यात राहतो, पण मासा नाही. घंटा वाजते, पण शाळा नाही. मी कोण?"

कंकालेश्वराचं देऊळ! तळ्याच्या मधोमध उभं आहे, बीडात कुणीही सांगेल. मी तोंड उघडलं, तोच म्हसूनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की शब्द घशातच राहिला. मग तो गंभीर होऊन म्हणाला, "म्हस."

दत्ता म्हणाला, "काय?"

"म्हस रं. पाण्यात बसती, मासा न्हाई. गळ्यात घंटा, शाळा न्हाई. बराबर हाय का न्हाई, साडू?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार? ओवीनं फोनमध्ये 'म्हैस' लिहिलं. फोननं लाल फुली मारली आणि गुण कापले. म्हसू म्हणाला, "त्या बाईला म्हस दावा तरी एकदा," आणि सगळ्यांना नदीकडं म्हशी बघायला घेऊन गेला. ओवीनं म्हशीसोबत फोटो काढला. फोननं तोही घेतला नाही.

शेवटी सुनेनंच देऊळ ओळखलं. मग पुढचं कोडं. "दार आहे, घर नाही." ही तर वेस. मी वेशीच्या कमानीकडं पाठ करून उभा राहिलो, म्हणजे जीभ सुटणार नाही. म्हसूनं गालावरून हात फिरवला आणि म्हणाला, "थांबा बरं जरा. दाढी लई वाढलीय."

ओवीला आजोबाची बोली पाठ आहे. ती म्हणाली, "म्हणजे संपली का, आजोबा?"

सून तोंडाला पदर नव्हता म्हणून हात लावून हसली. म्हसू हसत हसत न्हाव्याच्या खुर्चीत बसला तो बसलाच. दाढी झाली. मिशा झाल्या. मग नाकातले केस. मग डोक्याची मालिश. न्हाव्याचा मोठा मुलगा काय करतो, धाकटीचं जमलं का, सगळं विचारून झालं. बाहेर ओवी मला म्हणाली, "तुम्हाला तर एकपण कोडं येत नाही, आजोबा."

मी मैदानात कुस्त्या मारलेला माणूस. गावच्या पंचायतीत माझ्यापुढं कुणी बोलत नाही. पण सांगितलं, "न्हाई येत, बाई." म्हसूसाठी मी याच्याहून मोठं काही केलेलं मला आठवत नाही.

तरी दुपारपर्यंत वेस सापडली. शेवटचं कोडं उरलं. फोनमधली बाई म्हणाली, "पाऊस रुसला तरी मी रुसत नाही. खाली उतरा, मग मला भेटा."

खजाना विहीर. बीडच्या बाहेर, शेतात. दुष्काळातही तिला पाणी असतं. मला आलं, म्हसूला तर माझ्या आधी आलं असणार. त्या अंगाला त्यानं मेंढरं बसवलेली आहेत. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं. म्हसू म्हणाला, "पाऊस रुसला तरी रुसत न्हाई... बायकूची आई."

तेवढ्यात दत्ता एकदम म्हणाला, "आबा, ती विहीर! खजाना! तुम्ही मला नेलं होतं तिथं. मी पायऱ्यांवर घाबरलो, तर तुम्ही मला खांद्यावर घेऊन खाली उतरला होतात. आई वरून ओरडत होती."

म्हसूचा चेहरा मी तेव्हा बघितला. नुकत्याच कोरलेल्या मिशांवरून त्यानं उलटा हात फिरवला. "ध्यानात हाय तुला?" म्हणाला.

"आहे की. तुमच्या घोंगडीचा वास येत होता."

"तू माझे कान धरले व्हते. सोडंच ना."

"मग! पडलो असतो तर?"

आणि मुक्काम, दिस कलणं, सून, सगळं विसरून हा गडी गाडीत पुढं जाऊन बसला. "चल, मी वाट दावतो. इकडून न्हाई, ती लांब पडती. आडवी घाल!" सकाळपासून पाय ओढणारा माणूस, त्यानं आम्हाला जवळच्या वाटेनं नेलं. विहिरीवर दत्तासोबत वाकून पाणी बघितलं. ओवीला हाक मारायला लावली, विहिरीनं तिला ओ दिली. सगळ्यांचा फोटो निघाला. फोनमधली बाई आनंदानं म्हणाली, "अभिनंदन! खेळ संपला!"

ऊन अजून टळटळीत होतं.

म्हसू ओवीला म्हणाला, "तिला म्हणावं, असं बोलू न्हाई."

"आजोबा, ती मशीन आहे."

"मशीन असली म्हणून काय झालं? कुणी शिकविलंच आसंल ना."

दत्ता घड्याळ बघून म्हणाला, "बरं झालं आबा, लवकर आटपलं. उजेडात पोचू." सून पाया पडली. म्हणाली, "पुढच्या वेळी नक्की राहायला येऊ, आबा." म्हसू म्हणाला, "या की. घर काय पळून चाललंय का?" आम्हाला बसस्टँडवर सोडून गाडी गेली. ओवी मागच्या काचेतून हात हलवत होती. म्हसूनं हात हलवला नाही, टोपी काढून तीच धरून उभा राहिला.

माझी नेकनूरची गाडी लागली होती. मी तिच्याकडं बघितलं, म्हसूकडं बघितलं, आणि शिरूरच्या गाडीत चढलो.

"तू कुठं निघाला बे?"

"घरी मंडळी चिडलेली हाय. तिच्या तोंडाला कोण लागंल आज."

ती बिचारी आयुष्यात कधी चिडली नाही, हे म्हसूला ठाऊक आहे. त्यानं मला तिकीट मात्र काढू दिलं नाही.

गावात पोचलो तेव्हा दिवे लागत होते. घरात गेलो आणि दारातच थबकलो. भिंतींना नवा चुना. परसात खुर्चीसारखा बसायचा संडास, पोरीला उकिडवं बसता येत नाही म्हणून. त्याच्या झाकणावरचा कागद तसाच होता. डास मारायचं यंत्र. आणि आतल्या खोलीत खाली अंथरलेली रुंद नवीकोरी गादी, तीन उशा ओळीनं लावलेल्या.

दिवसभर हिंडून माझी कंबर मोडली होती. मी म्हणालो, "वा रे साडू!" आणि टेकायला वाकलो.

"ऊठ बे! ती न्हाई!" म्हसू इतक्या जोरात ओरडला की बाहेरचं कुत्रं भुंकलं. त्यानं कोपऱ्यातली घोंगडी माझ्याकडं फेकली आणि गादीवर नसलेली धूळ धोतराच्या सोग्यानं झटकू लागला.

मी म्हणालो, "आरं, ते आता पुण्याच्या वाटंला लागले. गुंडाळून ठेव. यायचे असले की फोन करतीलच, तवा हातर."

म्हसूनं मधली छोटी उशी उचलली, थोपटून पुन्हा जागेवर ठेवली.

"आन येताना पोरगी गाडीत झोपलेली आसंल तर?" तो म्हणाला. "गादी हातरोस्तर तिला हुबी ठिवू का?"