सर्वानुमते हं

लोकशाहीचा पाया संमती, आणि संमतीचा पाया कान. ऐकणाऱ्याचा कान तयार असेल तर संमती कुठूनही ऐकू येते. आमच्या पुकाकोचा या गावाचे अध्यक्ष मेलितोनभाऊ यांना असा कान लाभला आहे, हे या डोंगराचं भाग्य.

आता अल्पाकांविषयी. या जनावराबद्दल खालच्या सपाटीवर फार गैरसमज आहेत (तिथे ते फक्त स्वेटरच्या रूपात पोहोचतं). वास्तविक अल्पाका अत्यंत नियमप्रिय. सकाळी आवाराचं फाटक उघडलं की बाहेर पडायचं नाही. फाटक लावायला घेतलं की पडायचं. लोकर विंचरून झाली की लगेच धुळीत लोळायचं. औषध पाजायला तोंड धरलं की पाजणाऱ्यावर थुंकायचं (रंग हिरवा, वास आंघोळीनेच जातो, आणि आमच्या थंडीत आंघोळ हा सणाचा विषय आहे). तुम्हाला घाई आहे असं दिसलं की पाय दुमडून वाटेत बसायचं. शौचाला मात्र रोज त्याच ढिगावर जायचं, आणि तेही रांगेत. कोणी मध्ये घुसत नाही, कोणी ओळख सांगत नाही. आमच्या दवाखान्याच्या दारात हे दृश्य अद्याप पाहायला मिळालेलं नाही.

आणि हे सगळं करताना जनावर नाकातून एकच शब्द उच्चारतं: हं.

योगायोगाने आमच्या ग्रामसभेतही हाच शब्द चालतो. हात अंगावरच्या लोकरी पोंचोखाली ऊब धरून असतात, तोंडात कोकाची पानं असतात; मग संमती द्यायला उरतं काय? नाक. अध्यक्ष विचारतात, सभा हं म्हणते, ठराव पास होतो. नकार द्यायचा तर तोंड उघडावं लागतं आणि पानं सांडतात. म्हणून आमच्याकडे नकार फारसा आढळत नाही.

त्या वर्षी ठराव होता झऱ्याकाठच्या ओल्या कुरणाचा. पाऊस संपला की सगळा डोंगर जुन्या घोंगडीसारखा होतो, हिरवं राहतं ते एवढंच. सातुर्निनामावशींचा कळप त्यावर जगतो. नवरा गेल्यापासून त्यांना दुसरा आधार नाही, आणि कुरण गेलं तर कोरड्या महिन्यांत पिल्लं जाणार हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. पण कुरणावर ट्राउट माशांचं तळं बांधावं असा विकासाचा आग्रह होता. विकास म्हणजे मेलितोनभाऊंचा मेहुणा.

सभा मावशींच्याच आवारात भरली. (सभागृह आहे, पण त्यात मेहुण्याच्या सिमेंटच्या गोण्या आधीच येऊन पडल्या होत्या.) शिवाय त्या दिवशी अल्पाकांच्या कानांत लाल गोंडे बांधायचा सण होता, त्यामुळे सगळं गाव तिथेच, प्रत्येकाच्या हातात एकेक कान. माझ्या वाट्याला क्लोतिल्दे आली होती. ही कळपातली पुढारीण. मावशींनी तिचं नाव मेलितोनभाऊंच्या दिवंगत सासूबाईंवरून ठेवलं होतं, निव्वळ आदरापोटी.

भाऊंनी ठराव वाचला आणि विचारलं, सभेला मान्य आहे?

"हंऽऽ," आवार म्हणालं.

सातुर्निनामावशी पुढे आल्या. "मेलितोनभाऊ, हा होकार नाही हो. कान ओढला की जनावरं कण्हतात."

"मावशी," भाऊ समजुतीने म्हणाले, "कान ओढल्याशिवाय होकार येतो कुठे? तरी माणसांपैकी कुणाची हरकत असेल तर त्यानं सांगावं."

मावशींनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आम्ही सगळे अतिशय लक्षपूर्वक गोंडे बांधत होतो. फक्त क्लोतिल्दे भाऊंच्या टोपीवर थुंकली. त्याची नोंद 'अध्यक्षांचा हार्दिक सत्कार' अशी झाली. मावशी पुढचा गोंडा उचलून बांधायला बसल्या, आणि मला ते फार लागलं. पण गोंड्याची गाठ अर्धीच झाली होती.

तळं झालं. मेहुण्याला कुरणात एकच जागा सपाट आणि मऊ वाटली, तिथेच त्याने ते खणलं. ती कळपाच्या रोजच्या ढिगाची जागा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लोतिल्दे पुढे आणि मागे शिस्तीत रांग, असा कळप तळ्यावर हजर झाला. मेहुण्याने हात पसरून त्यांना विनवलं. सगळ्यांनी हं म्हटलं आणि काठावर पाठ करून आपापला कार्यभाग उरकला. त्याने काटेरी तार लावली. त्यांनी हं म्हटलं, तारेवर बसून बसून ती आडवी केली आणि रांग लावली. मासे उताणे तरंगू लागले तेव्हा मेहुणा क्लोतिल्देकडे पाहून म्हणाला, "आईनं जिवंतपणीही मला असंच सुखानं जगू दिलं नाही," आणि उरलेल्या गोण्या घेऊन शहरात गेला.

रोजच्या तुडवणीने काठ खचून तळं फुटलं, खताचं पाणी कुरणभर पसरून गवत माजलं, आणि त्या कोरड्या हंगामात मावशींचं एकही पिल्लू दगावलं नाही. मेलितोनभाऊंनी हा सगळा प्रकार 'जलखत योजना' म्हणून जाहीर केला. सभेने हं म्हटलं. या वेळी आमचे कान कुणी धरलेले नव्हते.

फरक एवढाच, की अल्पाका हं म्हणतो आणि आपलं करतो. आम्ही हं म्हणतो आणि भाऊंचं करतो.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. तुमच्याकडे गोष्ट ऐकताना हुंकार द्यायची चांगली रीत आहे म्हणे. मघापासून तो मला ऐकू येतोय. मेलितोनभाऊ इथे शेजारीच बसलेत. त्यांना आजन्म अध्यक्ष करायचा ठराव आज सभेपुढे आहे, आणि तुमचे हुंकार त्यांनी होकारात धरले आहेत.