देवाकडे पाठ, चपलांकडे तोंड

देवळात सगळे देवाकडे तोंड करून उभे राहतात. रघोजी देवाकडे पाठ करून बसायचा. आत आरती चाललेली, टाळ चाललेले, आणि हा बाहेर पायरीशी उकिडवा बसून लोकांच्या चपला-बुटांत हात घालतोय. एक बूट उचलायचा, उजेडाकडे धरायचा, आत बोटं फिरवायचा, हुंगायचा, होता तसा जागेवर ठेवायचा आणि पुढचा घ्यायचा. कुणी हटकलं तर म्हणायचा, "माणूस खोटं बोलतो. सुलिये खोटं बोलत न्हाईत." सुलिये म्हणजे आमच्या बेटावरच्या क्रेओल बोलीत बूट.

मी व्हाकोआ गावच्या बाजारात डोक्यावर भाजीची पाटी घेऊन सुरुवात केली आणि पंधरा वर्षांत स्वतःची लॉरी घेतली. माझ्यासारख्याला कुणी फुकट राबताना दिसलं की पहिला प्रश्न पडतो: यात याचा फायदा काय? चपलांत हात घालणाऱ्या माणसाचा फायदा शोधायला फार अक्कल लागत नाही. पण गंमत अशी की देवळातून कधी कुणाची चप्पल गेली नाही. त्यामुळे माझा संशय कमी झाला नाही, वाढला. साधा चोर ओळखू येतो. हा काहीतरी मोठं साधतोय, असं मी धरून चाललो.

रघोजी माझा शेजारी. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, एकटा, काडीसारखा वाळलेला. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं उसाच्या रसातली साखर मोजून घरी बसलेला. माझं त्याच्याशी वाकडं होतं ते एका जमिनीच्या पट्ट्यावरून. रस्त्याला लागून त्याची दहा फूट रुंदीची पट्टी होती. ती मिळाली असती तर माझी लॉरी सरळ अंगणात वळली असती. न मिळाल्यानं ती मागच्या गल्लीतून फिरून यायची आणि रोज पोती खांद्यावरून वाहायला लागायची.

मी सौदा करायला गेलो. पहिल्या दिवशी रीतीप्रमाणे जागेला नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी भाव वाढवला. तिसऱ्या दिवशी रागावून उठल्याचं नाटक केलं आणि फाटकापर्यंत गेलो. तिथून गिऱ्हाईकाला परत बोलावतात, हा जगाचा नियम आहे. वळून पाहिलं तर हा झाडांना पाणी घालत होता. मला हाक मारायची असते हे त्याच्या गावीही नव्हतं. अशी तीन वर्षं गेली. "धाकू, ती जागा मोकळी न्हाई," एवढंच तो म्हणायचा.

मोकळी नाही म्हणजे काय, तर तिथं सदाफुली. पांढरी आणि गुलाबी, जी आमच्या बेटावर कुणी न लावता कुंपणाकडेनं उगवते. शिवाय कारल्याचे वेल, आणि जांभळाची रोपं. माझ्या बाजारात कुणी कारलं विकायला आणलं तर मी तोंड वाकडं करून घेतो, आणि हा कारलं पिकलं तरी तोडायचा नाही. पाला तोडायचा. तो वाळवायचा, कुटायचा, उकळायचा, कापडातून गाळायचा, पुन्हा उकळायचा. दुपारी त्याच्या घरातून असा कडू वास सुटायचा की आमच्याकडे डाळही कडू लागायची. मी ओरडलो की भिंतीपलीकडून शांतपणे आवाज यायचा, "अजून कच्चं हाय." जेव्हा विचाराल तेव्हा कच्चं. मी मनात म्हणायचो, पिकलं की पेटी भरून विलायतेला विकशील आणि शेजाऱ्याला वासाची भरपाईही देणार नाहीस.

एक दिवस तो माझ्या घरी, मी नसताना, माझ्या बायकोकडे येऊन काय मागून गेला? बाटलीभर माझी लघवी. वर तिला विचारून गेला की धाकूला तहान फार लागते का, आणि न्हाणीघराच्या मोरीवर मुंग्या येतात का. आता वाचकांनीच जुळवून बघावं. बाटल्या, कडू पाला, लोकांच्या चपला, आणि त्याच्या खिशात कायम असलेलं कोंबड्याचं लाल पीस. आमच्या बेटावर करणीला लोंगानिस म्हणतात, आणि लोंगानिसवाल्याचं सामान याहून वेगळं नसतं. बायकोनं बाटली दिली नाही. मी दुसऱ्या दिवशी उंबऱ्याला लिंबू-मिरची बांधली. त्यानं ती येता-जाता पाहिली आणि म्हणाला, "लिंबू चांगलं. पण पायाला काय वाटतं का तुझ्या?"

ते पीस कशाला होतं तेही सांगतो. भेटेल त्याला तो ओट्यावर बसवायचा, डोळे मिटायला लावायचा, आणि तळव्याला पीस लावून विचारायचा, "कुठं लागलं?" मला एकदा त्यानं असंच बसवलं. परीक्षा म्हटली की मी हरत नाही. डोळे मिटले आणि लगेच ठणकावून सांगितलं, "अंगठा!"

"अजून टेकवलं न्हाई," तो म्हणाला.

मी बूट घातले आणि तिथून निघालो. त्यानंतर त्याच्या ओट्यावर पाय ठेवला नाही.

पण त्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली होती. एकट्या माणसाच्या दारात बायकी चपलांचा जोड. साठ सालच्या मोठ्या वादळात त्याचे पत्रे उडाले तेव्हा तो आमच्याकडे आसऱ्याला आला, तेव्हाही सामान काय, तर सदाफुलीच्या तीन कुंड्या, एक वही आणि कागदात गुंडाळलेला तोच जोड. त्याची बायको वारून सात-आठ वर्षं झाली होती. मग या चपला कुणाच्या? मी गावात चौघांच्या कानावर घातलं. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, नाव खराब झालं की हा पट्टी विकून बो बासें गावी भावाकडे राहायला जाईल.

त्याला चारचौघांत पकडायची वेळ गणेश चतुर्थीला आली. मी देवळाच्या समितीत होतो. त्या दिवशी मी सकाळी बाजार उरकून, दोन मैल चालत, नव्यानं सोल बसवलेले बूट घालून आलो. त्या मोच्याला मी भावात इतका खाली ओढला होता की बिचारा शेवटी म्हणाला, बाबू, घेऊन जा, पण पुन्हा येऊ नका. प्रदक्षिणा घालताना पांढऱ्या फरशीवर लाल ठिपके दिसले. कुंकू कुणी सांडलं म्हणून मी पुजाऱ्यावर ओरडलो. तो म्हणाला मी नाही. मी आणखी ओरडलो. आणि तेवढ्यात दारातून दिसलं की रघोजीनं माझाच उजवा बूट उचललाय आणि मनगटापर्यंत हात आत घातलाय.

मी जाऊन त्याची मानगूट धरली. आरती थांबली. "हा बघा," मी सगळ्यांना म्हणालो, "हा बघा मालासहित."

त्यानं मान सोडवायचा प्रयत्नही केला नाही. बूट उलटा करून माझ्यासमोर धरला. आत टाचेपाशी मोच्याचा खिळा बोटाच्या पेराएवढा वर आलेला, आणि आतलं चामडं ओलं, काळपट. त्यावर मुंग्यांची रांग.

"किती चाललास यावर?" त्यानं विचारलं.

"बाजारापासून."

"आणि कळलं न्हाई?"

लोक फरशीकडे बघत होते, म्हणून मीही पाहिलं. लाल ठिपके गाभाऱ्यापर्यंत गेले होते, देवाला वळसा घालून परत आले होते, आणि मी उभा होतो तिथं संपत होते. पुजारी फार सज्जन माणूस. त्यानं कुंकवाचा विषय काढला नाही.

रघोजीनं मला पायरीवर बसवलं, पंचा फाडून पाय बांधला. मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मी सौदा करतो. त्याला हळूच म्हणालो, "दादा, तुझं ते पाल्याचं औषध लाव. काय घेशील ते घे."

"ते कच्चं हाय. लॉरी काढायला सांग. इस्पितळात जा."

झाकून ठेवत नाही, तेव्हाही माझ्या मनात आलं की औषध मोठ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवतोय. इस्पितळात डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर सांगितली, आणि म्हणाले की आणखी आठ दिवस उशीर झाला असता तर पाय ठेवता आला नसता. मी तीन आठवडे तिथं होतो. रघोजी रोज बसनं यायचा, खाटेच्या पायथ्याशी बसायचा, माझ्या तोंडाकडे न बघता पायाकडे बघायचा आणि जायचा.

घरी आल्यावर मी त्याच्या ओट्यावर गेलो. औषध दे, असं या वेळी नीट विचारलं. त्यानं ती वही माझ्या हातात दिली. एकेका पानावर एकेक झाड. सदाफुलीची पानं, सदाफुलीची मुळं, कारलं, जांभळाची बी, पेरूचा पाला. किती उकळलं, किती गाळलं, कुणी किती दिवस घेतलं, कारखान्यात साखर तपासतात तसं निळ्या पाण्यात लघवी उकळून रंग कुठला आला, तळव्याला पीस कळलं का. आणि प्रत्येक पानाच्या खाली, सुंदर अक्षरात, एकच शब्द: नाही. वही जवळजवळ भरली होती. इतका तोट्याचा धंदा मी जन्मात पाहिला नव्हता.

"कशाला करतोस मग?" मी विचारलं.

त्यानं दाराशी ठेवलेल्या त्या बायकी चपलांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तीस वर्सं मी उसाची साखर मोजली, धाकू. हिची मोजली न्हाई. चुलीतला निखारा पायाखाली आला, तिला कळलंच न्हाई. मला वास आला तेव्हा कळलं."

मी पहिल्यांदाच त्या चपला जवळून पाहिल्या. डाव्या पायाची झिजून पातळ झालेली, अंगठ्याचा खड्डा पडलेला. उजवी कोरी. दुकानातून आणली तशी.

माझ्या तोंडून निघून गेलं, "दुकानदाराकडून एकच घ्यायची होतीस. मी असतो तर एकच मागितली असती."

"त्यो एक देत होता," रघोजी म्हणाला. "मीच जोड मागितला. तिच्यासमोर एक कशी घेऊ?"

मी वही मिटून त्याच्या हातात परत दिली.

पट्टी त्यानं मला शेवटपर्यंत विकली नाही, आणि मी पुन्हा विचारली नाही. लॉरी मागच्या गल्लीतूनच फिरते. मी मात्र दर शनिवारी त्याच्या ओट्यावर जाऊ लागलो. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, त्यांना विचारून तो कुठल्याशा पाल्याच्या काढ्यानं माझे तळवे धुवायचा. त्याला साखर उतरवायची नव्हती, ती डॉक्टर बघतील म्हणायचा. मेलेल्या पायात जाण परत आणायची होती. एवढंच शोधत होता तो इतकी वर्षं.

सहा महिने झाले. वहीचं शेवटचं पान आलं. त्या शनिवारी त्यानं पाय धुतले, पुसले, मला डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले. बराच वेळ गेला. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि तो जरा जास्तच हळू चालला होता.

"काय वाटलं?" त्यानं विचारलं.

आयुष्यभर मी चांगल्या मालाला वाईट म्हणत आलो. त्या दिवशी उलट केलं. म्हणालो, "करंगळीला. थोडंसं."

डोळे उघडले. पीस त्याच्या खिशातच होतं.

तो रागावला नाही. त्यानं पहिल्यांदाच माझ्या पायाकडे नव्हे तर तोंडाकडे बघितलं. मग वही उघडली आणि पानाच्या खाली सुंदर अक्षरात लिहिलं: नाही.

मी उठलो. त्यानं नेहमीप्रमाणे माझे बूट उलटे करून झटकले, आत बोटं घालून पार टोकापर्यंत फिरवली, आणि माझ्यापुढे ठेवले. मग शेजारच्या त्या चपला उचलल्या. झटकल्या, बोट फिरवून पाहिल्या, झिजलेली आणि कोरी, दोन्ही, आणि परत दाराशी जोडीनं ठेवल्या.