चित्राचं आणि माणसाचं

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले औताडे काका माझ्याकडे सिनेमा बघायला बसले की खिशातून स्टीलची पट्टी काढतात. सिनेमा थांबवायला लावतात, उठून टीव्हीपाशी जातात आणि नटाच्या कपाळाला पट्टी लावतात. मग नाकाला. मग मोबाइलवर त्याच पात्राचं मूळ चित्र शोधून त्याच्याही नाकाला. थोडा वेळ तोंडातल्या तोंडात काहीतरी भागाकार चालतो. शेवटी पट्टी खिशात जाते आणि निकाल लागतो, "बनावट हाय."

सिनेमे सगळे एकाच जातीचे. मोठ्या डोळ्यांची, उभ्या केसांची ती जपानी कार्टून असतात ना, त्यांच्यावरून खरी माणसं घेऊन काढलेले. या कार्टूनना अ‍ॅनिमे म्हणतात हे मी काकांना सांगून पाहिलं. "म्हणू द्या," म्हणाले. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकार आहेत, चित्राचं आणि माणसाचं. चित्राचं ते अस्सल. माणसाचं ते संशयित.

काकांचं आयुष्य चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात गेलं. मशीनवरून उतरलेला भाग ड्रॉइंगशी जुळतो का बघायचं आणि नाही जुळला तर लाल रंग फासून बाजूला टाकायचा. काका निवृत्त झाले, पण तो लाल रंगाचा डबा अजून त्यांच्या हातात आहे असं मला वाटतं. दूधवाल्यावर शक. लिफ्टमधल्या वजनाच्या पाटीवर शक. शेंद्र्याहून सख्ख्या भावानं घरच्या तुरीची डाळ पाठवली, तर मूठभर डाळ उन्हात धरून म्हणाले, "आमच्या रानातली तूर एवढी गुळगुळीत कवापासून झाली?" मी चहात आलं घातलंय म्हटलं की स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात डोकावून येतात.

एकदा सोसायटीची सहल वेरूळला गेली. इतकी वर्षं एवढ्या जवळ राहून मी तिथं नुसती पाहुण्यांना दाखवायला गेलेली. या वेळी म्हटलं, काका दगडालाही पट्टी लावतात की काय. पण लेण्यात शिरल्यावर काका हात मागे बांधून गप्प उभे राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "हे ठीक हाय. ह्यांनी माणसाचं चित्र केलं. चित्राचा माणूस नाय केला."

आता माझं सांगते. मी गणित शिकवते. परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारून मारून मलाही संशयाचा चांगला सराव झाला आहे. कोण खिडकीबाहेर बघतो आणि कोण खिडकीबाहेर बघण्याचं नाटक करतो, हे मला पाठीमागूनही कळतं. त्यामुळे एक गोष्ट मला खटकत होती. काकांच्या घरी माझ्याकडच्यापेक्षा मोठा टीव्ही आहे. त्यावर दिवसभर हिंदीत बोलणारी चित्राची मालिका चालू असते, जिन्यात ऐकू येते. मग माणसाचं बघायला दर वेळी माझ्याकडे का?

"तिथं नको," एवढंच म्हणायचे. "आधी तुमच्याकडं तपासू."

एका रविवारी दुपारी आम्ही असाच एक सिनेमा लावला. ढगांवरून टपाल वाटणारा हिरव्या केसांचा पोरगा आणि त्याच्या पिशवीत राहणारं मुंगूस, अशी काकांच्या घरच्या मालिकेतली जोडी. तीच आता माणसाची झाली होती. पोरगा खरा, केस टोपाचे, मुंगूस कॉम्प्युटरचं. मला तर बरा वाटला. धावत होता, रडत होता, मनापासून करत होता बिचारा.

काकांनी सिनेमा थांबवला. "पळताना उजवा खांदा पुढं टाकतो."

"मग?"

"चित्रातला डावा टाकतो. आन् हा हसला की डोळे मिटतो. त्याचे उघडे राहत्यात."

"काका, जिवंत माणूस आहे तो. हुबेहूब चित्रासारखा कसा दिसेल?"

"मग नाव कामून तेच लावलं?" काका चिडले नव्हते. खरंच विचारत होते. "दुसरं नाव लावा, आपली तक्रार नाय. तेच नाव, तेच कपडे, आन् माणूस भलताच. घरच्या माणसानं काय समजायचं?"

घरच्या माणसानं? मी त्यांच्याकडे बघितलं. ते टीव्हीकडे बघत होते. बंद केल्यावरही बघत राहिले.

पुढच्याच आठवड्यात काकांनी मिशी काळी केली. नुसती काळी नाही, चकचकीत. केसांना तेल, मधून भांग. मग एका संध्याकाळी ते खाकी रंगाच्या जुन्या युनिफॉर्ममध्ये जिन्यावरून खाली जाताना दिसले, हातात जेवणाचा डबा. थोड्या वेळानं तसेच वर आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सोसायटीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, शेंद्र्याच्या नव्या कारखान्यात चिकटले. कुणी म्हणालं, या वयात मिशी काळी करणारा माणूस कारखान्यात जात नसतो. मला हे दुसरं म्हणणं जास्त पटलं, खोटं कशाला बोलू. घरात आजारी बायको आणि यांचे हे रंग. मला काकांचा रागच आला.

काकू आजारी आहेत एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या बाहेर येत नसत. शेवटी मी एका दुपारी थालीपिठाचं निमित्त करून सरळ त्यांच्या घरी गेले.

काकू टीव्हीसमोर बसल्या होत्या. हिरव्या केसांचा पोरगा ढगावरून उडी मारत होता. "ये गं," म्हणाल्या, जशा काही रोज भेटतो. "ह्यो बघ, टपालवाला. लई गुणी पोरगं हाय." मग दारातल्या काकांकडे तिरकं बघून माझ्या कानाशी आल्या. "त्यो म्हातारा कोण हाय गं? सारखा घरात असतो. माझ्या ताटात वाढतो. आमचे हे कंपनीत गेलेत, आल्यावर सांगते त्यांना."

काकांनी मला स्वयंपाकघरात नेलं. ताट झाकून ठेवलेलं होतं, तसंच.

"दीड वर्ष झालं," ते म्हणाले. "आधी शेजारी विसरली. मग पोरगी. टीव्हीवरची माणसं बघून घाबरायची, रोज निराळी दिसत्यात म्हणून. चित्राचं लावलं तर शांत बसली. चित्र बदलत नाय ना मॅडम. कालचं तेच आज. मग एकदा मी हौसेनं माणसाचं लावलं, तसलंच एक, तिच्या आवडीचं. तर रडायला लागली. माझ्या पोराला ह्यांनी काय केलं म्हणून. दोन दिवस जेवली नाय. तवापासून आधी तपासतो. एखादं जुळलं तर दाखवावं, तेवढाच तिला बदल."

पट्टीचा अर्थ मला आत्ता लागला. मान खाली घालून मी ताटावरच्या झाकणाकडे बघत राहिले.

"आता तिला मीच बनावट वाटायलो," काका म्हणाले आणि भिंतीकडे बोट केलं. तिथं त्यांचा तरुणपणीचा फोटो होता. काळी मिशी, मधून भांग, खाकी युनिफॉर्म. "हे तिला ठाव हाय. रोज ह्याची वाट बघती. माझ्या हातचं खात नाय, म्हणती ते आले की जेवीन. म्हणून म्हटलं, येऊन बघावं. दोनदा आलो. दोनदा दार लावून घेतलं. मॅडम, तुमची नजर बारीक हाय. जरा बघून सांगा, कुठं चुकायलंय."

काकांनी आयुष्यात कुणाला आपल्याला तपासायला सांगितलं नसेल. मी फोटोसमोर उभी राहिले, मग युनिफॉर्म चढवून आलेल्या काकांसमोर. मिशी जाड झाली होती, ती कातरीनं थोडी उतरवली. फोटोत वरचं बटण उघडं होतं, ते उघडलं. पोट आणि सुरकुत्या यांचं काही करता येण्यासारखं नव्हतं. तसं मी सांगितलं नाही, पण काकांना ते ठाऊक होतं.

संध्याकाळी काका डबा घेऊन खाली गेले. मी काकूंजवळ बसले. कारखाना सुटायच्या वेळेला बेल वाजली. काकू उठल्या, पदर सारखा केला आणि स्वतः दार उघडलं.

दारात काका. घामानं मिशीचा रंग ओठावर उतरला होता. पाठ एकदम ताठ, शाळेत उभं केल्यासारखी.

काकूंनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. मग वरपासून खालपर्यंत. काकाच टीव्हीसमोर जसे बघतात, अगदी तसं.

"तुम्ही आमचे हे नाय," काकू म्हणाल्या.

काकांची मान खाली गेली. ते वळायला लागले, तशी काकूंनी त्यांच्या हातातला डबा धरला.

"पण त्यांच्यावानी करायला लई मेहनत घेतली दिसती," त्या म्हणाल्या. "उपाशी असाल. या आत. ते येईस्तोवर आपण दोघं जेवून घेऊ."

काका आत आले. हात धुवायला गेले ते बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. मग येऊन बसले, ताटात वाढलं, पहिला घास करून पुढे धरला. काकूंनी तो घेतला.

मी दार ओढून घेतलं आणि माझ्या घरी येऊन भरपूर रडले.