सात दिवसांची बाबागाडी

"चौदा हजार पाचशे!" मोबाइलवरच्या बाबागाडीच्या किमतीचा आकडा युवराजनं तिसऱ्यांदा वाचला आणि डोळे मिटून घेतले. चिंचोळी एमआयडीसीतली रात्रपाळी करून तो तासाभरापूर्वीच घरी आला होता. "एवढ्यासाठी माणूस महिनाभर मशीनपुढं उभा राहतो, वैष्णवी."

"पुण्याच्या ताईची वीस हजाराची हाय. मी कमीच सांगतीय की." तीन महिन्यांच्या बाळाला थोपटून थोपटून वैष्णवीचा हात बधिर झाला होता. बाळ दिवसा झोपत नसे आणि कुणाला झोपू देत नसे.

"चार हजारात बी मिळती. तिला बी चाकं चारच असत्यात."

"मग बारशाला माझ्या आज्जीनं किंमत विचारली, की तुमीच सांगा चार हजार म्हणून."

युवराजनं मोबाइल उशीखाली सारला. दुधनीची चंद्रव्वा आज्जी कुठल्याही वस्तूची किंमत चारचौघांत विचारी, आणि उत्तर गावभर पोचवी.

युवराजची आई अंबुबाई कोपऱ्यात लसूण सोलत होती. "तुला मी गिरणीतल्या डागाळलेल्या चादरीच्या झोळीत वाढवला. फुकट मिळाली हुती. एक झोका दिला की गपगार. आता झोळी टांगावी म्हटलं, तर घरात आढंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुकानात युवराजला भिंतीवरची पाटी दिसली : 'सात दिवसांत परत. वापरलेला माल परत घेतला जाणार नाही.' तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला. महागडी गाडी आज न्यायची, रविवारी बारशात मिरवायची, गुरुवारी परत करायची आणि मग निवांत चार हजारवाली घ्यायची. बाळाला त्या गाडीत ठेवायचं नाही, प्लास्टिकही काढायचं नाही. वैष्णवी इतकी दमली होती की तिनं वाद न घालता मान डोलावली.

रविवारी चंद्रव्वानं घरात पाऊल टाकलं. बाळाआधी गाडीकडे बघितलं.

"किती?"

"साडेचौदा हजार," वैष्णवी ताठ मानेनं म्हणाली.

"अय्यो शिवने! आन् पूजा?"

"पूजा कशाला आज्जी? बाबागाडी हाय की," युवराज म्हणाला.

"हजार-दोन हजाराची असती तर मी बोलले नसते, जावई. एवढ्या मोलाच्या गाडीला पूजा पायजेच. तुमच्या फटफटीला केली न्हाई का?"

युवराजनं पाहुण्यांकडे बघत मान डोलावली. चंद्रव्वानं टराटरा प्लास्टिक फाडलं. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. ओल्या हळदीची पाच बोटं राखाडी कापडी टपावर ओढली आणि समाधानानं ती मागं सरली.

"आता ढकला."

युवराजनं दांडा धरला. इतक्यात अंबुबाई ओरडली, "आरं थांब! रिकामी हलवू नगंस!"

रिकामा पाळणा हलवत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. बाळ तर ठेवायचं नव्हतं. बारशासाठी टोपडं घालून तयार ठेवलेला वरवंटा अंबुबाईनं उचलून गाडीत निजवला. त्या दगडासकट गाडी चार लिंबांवरून गेली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. युवराजनंही वाजवल्या.

पाहुणे गेल्यावर वैष्णवीनं साबण लावून टप घासला. पिवळी बोटं लालभडक झाली. युवराज जमिनीवर बसला.

"साबण कशाला लावला, गं?" अंबुबाई म्हणाली. "हळद उन्हानं जाती. आमी लुगडी अशीच वाळवायचो."

मग गाडी गच्चीवर चढली. सोलापूरचं ऊन कामाला आलं, पण कबुतरंही आली. त्यामुळे तीन दिवस पाळीपाळीनं राखण करावी लागली. रात्रपाळी संपवून युवराज छत्री घेऊन गच्चीवर बसायचा. शेजारचे ज्ञानबा काका रोज विचारायचे, "पापड घातल्यात का?" बुधवारी संध्याकाळी टप स्वच्छ झाला. युवराजला रडू यायचंच बाकी होतं.

गुरुवारी दोघं बाळाला घेऊन दुकानात गेली. दुकानदारानं चष्मा लावला. टप बघितला, चाकं फिरवली, मान डोलावली. मग गाडी उलटी केली. बैठकीच्या खाली कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक होतं आणि त्यावर तांदळाचा एक दाणा चिकटला होता.

"पूजा केलीय की तुम्ही! वापरलेला माल हाय. परत न्हाई होणार."

रात्रभर जागलेल्या युवराजचा तोल सुटला. "ओ शेट, आमची हळद हुती, आन् ती वरच्या बाजूला हुती! तीन दिवस ऊन खाऊन घालवलीय. हे स्वस्तिक आमचं न्हाईच!"

आपण काय बोलून बसलो, हे युवराजला कळलं. आपण काय दाखवून बसलो, हे दुकानदाराला कळलं. त्यानं गाडी हळूच सरळ केली.

"म्हंजे," वैष्णवी म्हणाली, "नवी म्हणून दिलेली ही गाडी आधीच एका बारशाला जाऊन आलीय?"

दुकानदारानं चष्मा पुसला. "तीन," तो पुटपुटला.

बाळाला धरून वैष्णवीचा हात आता पार अवघडला होता. गाडी आता कुणाचीच राहिली नव्हती, म्हणून तिनं बाळाला तिच्यात ठेवलं आणि दुकानदाराशी भांडायला वळली. दोन वाक्यं बोलून ती थबकली. मागून काहीच आवाज येत नव्हता. बाळ मुठी सैल सोडून, तोंड उघडं टाकून, भर दुपारी झोपलं होतं.

तिघंही बघत राहिले.

"निम्मे पैसे परत देतो," दुकानदार कुजबुजला. "गाडी ठेवा."

"हळू बोला, शेट," युवराज कुजबुजला. "द्या."

दुकानदारानं चवड्यांवर चालत जाऊन गल्ला उघडला. तेवढ्यात एक जोडपं आत आलं. बाईनं कोपऱ्यातल्या नव्याकोऱ्या गाडीवर हात ठेवला आणि भिंतीवरची पाटी वाचत खणखणीत आवाजात विचारलं, "ही सात दिवसांत परत करता येती न्हवं?"

"न्हाई," तिघं एकदमच म्हणाले, अगदी हळू आवाजात.