खोट्या समईची हकीकत

श्रीगजाननास नमन, श्रीशारदेस नमन, आणि जो टाळ-झांजेचा नाद ऐकून वैकुंठ सोडून धावतो त्या दयाघनास साष्टांग नमन करून, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी राज्यात जे वर्तमान घडले ते लिहितो. श्रोतेजनांनी चित्त एका ठायी ठेवावे. लिहिणाराचे राहील ऐसा भरवसा नाही, कारण प्रसंगच तैसा चळवळा होता.

ते वर्षी राज्याच्या विद्यामहालात विधिसाहाय्यकांची नवी पलटण भरती जाहली. विधिसाहाय्यक म्हणजे वकील नव्हे आणि नुसता कारकूनही नव्हे. पक्षकाराचे दुःख ऐकावे, कागद रचावा, आणि वकिलांनी अदालतीच्या रणात उतरण्याआधी दारूगोळा कोरडा आहे की नाही ते पाहावे, ऐसे हे पद. पलटणीचे सरदार नाडगौडापंत वकील, स्वभावे तापट, अंतरी मायाळू. आणि पलटणीत बहुतेक विशी-बाविशीची पोरे, त्यांत एकच प्रौढ शिलेदार, शालनबाई कुंभोजे. या बाईंनी वीस-बावीस वर्षे कीर्तनात बुवांच्या मागे उभे राहून झांज धरिली होती, ध्रुपद उचलिले होते, आणि मुले मार्गी लागल्यावर म्हणाल्या, "देवाची बाजू पुष्कळ मांडली, आता माणसांची मांडून पाहू." मग करारांचा कायदा पाठ केला, पुराव्याचा कायदा पाठ केला, आणि कलमांस चाली लाविल्या, त्यामुळे पोरेही त्यांजपाशी येऊन घोकू लागली, आणि वर्ग म्हणजे भजनी मंडळ जाहले.

मग मार्गशीर्ष मासी प्रात्यक्षिकाची मोहीम आली. प्रत्येक शिलेदाराने एका खऱ्या पक्षकाराचे प्रतिज्ञापत्र लिहावे, त्यावर पास की नापास ठरावे, ऐसा हुकूम सुटला. शालनबाईंच्या वाट्यास हौसाबाई आल्या. या हौसाबाई देवीच्या देवळाच्या पायरीशी, कोपऱ्यावरच्या ओट्यावर हार विकीत. आणि देवस्थानच्या पंचांनी ठराव केला की ओटा पाडावा, तेथे काचेचा गाळा बांधावा, म्हातारीने आठवड्याच्या आत उठावे. हौसाबाईंनी अदालतीत मनाई मागितली, नाडगौडापंतांनी वकीलपत्र घेतले, आणि म्हातारीची शपथेवरची कैफियत लिहिण्याचे काम शालनबाईंवर आले. ओटा गेला तर हौसाबाईंस दुसरे ठिकाण नव्हते.

शालनबाईंनी विचारिले, "मावशी, किती काळ बसता येथे?" त्या म्हणाल्या, "लई वर्षं झाली गं. तो मोठा पूर आला, तवाबी जागा सुटली नाही माझी." इतकेच बोलल्या. परंतु बाईंच्या कानी पूर हा शब्द पडला आणि अंगातले कीर्तन जागे जाहले. मग त्यांनी लिहिले की, महापूर देवळात शिरला, गाभाऱ्यात कंबरभर पाणी चढले, पुजारी पळाले, आणि एकली हौसाबाई जळती समई मस्तकी धरून देवीपाशी उभी राहिली, ज्योत विझू दिली नाही. आता शिरस्ता ऐसा की, ज्यास लिहिता-वाचता येत नाही त्यास कागद वाचून दाखवावा, समजला का पुसावे, आणि मग अंगठा घ्यावा. बाईंनी शिरस्ता पाळिला. पण वाचिला कैसा? समईपाशी स्वर चढविला, ज्योतीपाशी थांबल्या, आणि शेवटी आवाज ऐसा खाली आणिला की हौसाबाईंचे डोळे भरले, त्या म्हणाल्या, "अगदी अस्संच झालं गं बाई!" आणि अंगठा उठविला. नाडगौडापंतांनी कामाच्या गर्दीत वरवर पाहिले, कागद अदालतीत दाखल जाहला, आणि त्याची एक प्रत शिरस्त्याप्रमाणे पंचांच्या वकिलांस पोचली.

पुढे सुनावणीच्या आदले दिवशी शालनबाई देवीच्या दर्शनास गेल्या, तो हौसाबाई एका गिऱ्हाइकास समईची कथा सांगताहेत, शब्द बाईंचे, थांबाही बाईंचाच. तेव्हा शेजारची नारळवाली हसून म्हणाली, "अगं मावशे, पूर आला तवा तू लेकीच्या बाळंतपणाला गेली हुतीस की! समई काय तिथनं धरलीस?" हे ऐकताच बाईंस अदालतीत दाखल जाहलेला कागद आठवला. दर्शन राहिले, हार हातातच राहिला, आणि त्या देवळास एक फेरी घालू लागल्या, मग दुसरी, लोकांस वाटले नवस आहे. चप्पल विसरून तशाच विद्यामहालात गेल्या, पंत वर्गावर होते म्हणून दाराशी उभ्या राहिल्या, बसल्या, पुन्हा उठल्या, आणि पंत बाहेर येताच सर्व कबूल केले.

पंत कोपले. म्हणाले, "शालनताई, हे आख्यान नव्हे! शपथेवरचा कागद आहे. एक समई खोटी निघाली की सारा ओटा अंधारात जाईल. शिवाय खोट्या शपथेबद्दल म्हातारीवरच बालंट यायचे." बाई म्हणाल्या, "मला नापास करा, पण तिचं काय करू ते सांगा." पंत म्हणाले, "जा. खरे विचारून आणा. दुरुस्तीचे प्रतिज्ञापत्र उद्या सकाळी देऊ. आणि ऐका, यावेळी चाल लावू नका."

मग बाई धावत ओट्याशी परत आल्या. हौसाबाई ऐकेनात. म्हणाल्या, "बाकी वाट्टेल ते खोड, माझी समई खोडू नगंस." बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही लेकीकडे होता." "देह लेकीकडं हुता. जीव हितंच हुता." "जिवाला अदालतीत उभं करता येत नाही हो!" यावर म्हातारीने तोंड फिरविले आणि हार ओवू लागली. बाईंच्या जिव्हेशी शंभर वाक्ये आली, ती त्यांनी गिळली, एका हाताने दोरा धरून बसल्या, दुसऱ्या हाताची बोटे मात्र झांज वाजवावी तशी गुडघ्यावर वाजत राहिली. आणि हात कामात गुंतले तसे म्हातारीचे तोंड आपोआप उघडले. "गेले तवा टोपली पुजाऱ्याकडं ठिवली. आले तवा त्यानं दिली. म्हणाला, तुझ्या जागी कुणाला बसू दिलं नाही, देवीला पानांचा हार घातला." बाईंनी हळूच पुसिले, "पानांचा का?" "आगं, सकाळचा पहिला हार ह्या ओट्याचा असतो, त्याच्या आधी दुसऱ्या कुणाचं फूल देवीला चालत न्हाई. पैसं घेत न्हाई त्याचं. माज्या आधीची गंगूबाय द्यायची, तिच्या आधीची तिची सासू द्यायची. म्हणून तर ओटा फुलवालीचा." बाई ओरडल्याच, "अहो, हे आधी का नाही सांगितलं?" म्हातारी म्हणाली, "त्यात काय सांगायचं? रोजचंच हाय ते."

तेव्हा बाईंनी जैसे ऐकिले तैसे लिहिले, पुजाऱ्यानेही आपले शपथपत्र दिले, आणि नवा कागद वाचून दाखविताना स्वर ऐसा सपाट ठेविला की हौसाबाई जांभई देऊन म्हणाल्या, "हो, हे खरं हाय," आणि अंगठा दिला.

दुसरे दिवशी अदालत भरली. नवा कागद दाखल जाहला, तरी पंचांचे वकील शहापुरे जुनाच कागद परजीत उठले, हौसाबाईंस पुढे बोलाविले आणि गर्जून पुसिले, "महापुरात समई मस्तकावर कोणी धरिली होती?" तेसमयी म्हातारीची मान ताठ जाहली, डोळ्यांत ज्योत आली, ओठ हलले, आणि मागच्या बाकावर शालनबाईंनी पदराचे टोक दातांत धरिले, देवीचा धावा केला, कारण ते वाक्य किती गोड आहे हे त्यांवाचून कोणास ठाऊक? हौसाबाईंनी वळून त्यांजकडे पाहिले, उसासा टाकिला आणि म्हणाल्या, "म्या न्हाई धरली, सायेब. म्या लेकीकडं हुते. समई ह्या बाईंनी धरली, कागदात." सारी अदालत हसली. न्यायाधीशांनी मेज ठोकून पुसिले, "कोण या बाई?" शालनबाई उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "चूक माझी, महाराज. मावशींनी सांगितलं नव्हतं, मीच रंगविलं." न्यायाधीशांनी कडक शब्दांत समज दिली, आणि मग पुजाऱ्याकडे वळून पुसिले, "आज देवीस पहिला हार कोणाचा?" पुजारी म्हणाला, "ओट्याचाच, साहेब. रोजच्यासारखा." शहापुऱ्यांनी पुष्कळ हात फिरविले, पण त्यांचा सारा दारूगोळा समईवर खर्ची पडला होता, पहिल्या हाराशी लढण्यास काही उरले नव्हते. मग हुकूम जाहला की, दाव्याचा निकाल होईतो ओट्यास कोणी हात लावू नये, हौसाबाई जेथे आहे तेथे बसावी.

नाडगौडापंतांनी पहिल्या प्रतिज्ञापत्रास शून्य दिले, दुसऱ्यास काठावरचे गुण दिले, आणि शालनबाई पास जाहल्या. पुढले दिवशी चप्पल शोधण्यास देवळाशी गेल्या, तो हौसाबाई नव्या गिऱ्हाइकास सांगताहेत, कंबरभर पाणी, मस्तकी समई, आणि थांबा तेथेच. बाई घाबरून म्हणाल्या, "मावशी! पुन्हा?" म्हातारी हार बांधीत म्हणाली, "गप गं. हे काय शपथेवर हाय व्हय? हे हारावर हाय." गिऱ्हाइकाने दोन हार घेतले, आणि बाईंनी न राहवून समईपाशी स्वर थोडा चढवावा ऐसे म्हातारीस सुचविले.

ऐसे हे वर्तमान. ओटा खऱ्याने राखिला, गिऱ्हाईक खोट्याने वाढले, आणि दोन्ही ठायी देवीस पहिला हार चुकला नाही. ज्याने जे जेथे सांगायचे ते तेथेच सांगावे, इतुके श्रोत्यांनी ध्यानी धरावे. लेखन समाप्त.