अध्याय-वचन सांगा

शमुवेल आबांसमोर आधाराशिवाय एक वाक्य बोलायची सोय नव्हती. दूधवाला म्हणाला, "आबा, आज पाण्याचा थेंब नाही घातलेला," की आबा पातेलं मागे घेत आणि विचारत, "अध्याय-वचन?" उद्या नळाला पाणी नाही असं कुणी सांगितलं, की पुन्हा, "अध्याय-वचन?" एकदा माझ्या सासूबाई मुक्कामाला आल्या होत्या. ओट्यावर बसून सहज म्हणाल्या, "आमच्या फैजपूरसारखी केळी जगात नाहीत." आबा पलीकडच्या ओट्यावरून म्हणाले, "जगात म्हणता ना? मग अध्याय-वचन सांगा." तेव्हापासून सासूबाई धुळ्याला आल्या की पुढचं दार लावूनच बसत.

धुळ्याच्या देवपुरात आमची भिंतीला भिंत होती. मी शाळेत मराठी शिकवायचो. आबा एस.टी.तून निवृत्त झालेले, ख्रिस्ती, मूळचे साक्रीकडच्या खेड्यातले. स्टँडवर गाड्यांची घोषणा करण्यात त्यांची हयात गेली. गाडी लागल्याची खात्री झाल्याशिवाय माइकवर बोलायचं नाही, ही स्टँडवरची शिस्त. पवित्र शास्त्रातल्या ओळीला अध्याय आणि वचनाचा आकडा सांगायचा, ही चर्चमधली. दोन्ही मिळून आबा तयार झाले होते. संध्याकाळची प्रार्थनाही ते घोषणेच्याच सुरात करत, एकेक शब्द सुटा आणि शुद्ध. भिंतीअलीकडे मला वाटायचं, आता हे देवाला फलाटाचा नंबर सांगणार.

त्यांच्या पत्नी शेवंताअक्का अगदी निराळ्या. त्यांना अहिराणीशिवाय दुसरी बोली येत नव्हती. काचबिंदूने नजर जवळजवळ गेलेली, पण भाकरी अशी थापायच्या की डोळसाने लाजावं. आबा घरात आहेत की बाहेर, ते त्यांना दिसत नसे. म्हणून मधूनमधून चुलीपासून हाक यायची, "शेतस का?" आणि आबा जिथे असतील तिथून सांगायचे, "शे, मी शे." घोषणा करणाऱ्या माणसाच्या तोंडून अहिराणी निघायची ती फक्त अक्कांशी बोलताना. बाहेर त्यांनी ती कधी उच्चारली नाही.

एका रविवारी चर्चमध्ये मोकळी प्रार्थना चालली होती. ज्याला वाटेल त्याने उभं राहून मोठ्याने करायची. अक्का आजवर कधी उठल्या नव्हत्या, त्या दिवशी उठल्या. "देवबाप, बठ्ठासले सुखी ठेव. शेजारनी गायले वासरू व्हऊ दे." मागच्या बाकांवरची तरुण मंडळी खुदकन हसली. उपासना संपल्यावर एक वडीलधारे गृहस्थ अगदी प्रेमाने म्हणाले, "अक्का, मनातल्या मनात केली तरी पोचते हो."

पुढच्या रविवारी आबा कोट घालून तयार, आणि अक्का जागच्या हलेनात. "मी नही येस. देवले मनी अहिरानी बोली समजस का नही?"

"समजस," आबा म्हणाले.

"अध्याय-वचन सांगा."

आबांनी मला हे सांगितलं तेव्हा ते ओट्यावर डोकं धरून बसले होते. "सर, जन्मभर मी जगाला विचारलं. आज मला विचारलं, तर माझ्याकडे काही नाही." मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी ते गिळलं. अक्कांनी चर्च सोडलंच, घरातही मोठ्याने प्रार्थना करणं सोडलं. आबांनी ठरवलं की आधार शोधायचा, मग काय वाटेल ते होवो.

त्यांनी पोस्टाने चालणाऱ्या ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. मी थट्टेने विचारलं, "आबा, विज्ञान म्हणजे प्रॅक्टिकलही असेल?" ते म्हणाले, "पोस्टाने थिअरीच येते." तेव्हा ते अक्कांच्या तांदळातले खडे वेचत बसले होते.

बसून वाचलं की डोळा लागतो म्हणून ते उभ्याने अभ्यास करत, आणि मोठ्याने. निर्गमन, संदेष्टे, प्रेषितांची पत्रं, सगळं भिंतीतून माझ्या घरात येई. माझी बायको भाजी निवडताना संदेष्ट्यांची नावं ओळीने म्हणू लागली. उत्तरांचं शुद्धलेखन तपासायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच पेपरात प्रश्न होता, पवित्र शास्त्राचा आजच्या विश्वासणाऱ्याशी काय संबंध? आबांनी सुरुवात केली होती: 'गालील म्हणजे यरुशलेमचा साक्री तालुका.'

मी लाल रेघ मारली. "आबा, असं लिहितात का?"

"का नाही? डोंगराळ मुलूख, बोली निराळी, तोंड उघडलं की शहरवाले ओळखणार. प्रभूला धरून नेलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र शेकोटीपाशी गुपचूप शेकत होता. बोलण्यावरून पकडला गेला, की हा गालीलवाला. अध्याय-वचन देऊ?"

"नको."

"आणि प्रभू स्वतः तिथेच वाढला. आईशी घरात पुस्तकी बोलत असेल का तो? सर, हसणारे तेव्हाही मागच्या बाकावर असतीलच."

तपासनिसाने शेरा मारला, 'विषयांतर', आणि नापास केलं. आबांनी पुन्हा फी भरली आणि पुन्हा तेच उत्तर लिहिलं, फक्त जास्त लांब. पुन्हा नापास. मी म्हटलं, "आबा, या वयात कशाला डोकेफोड?" आबा ताडकन म्हणाले, "गाडी रद्द झालेली नाही. उशिरा सुटेल." हट्टी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण त्यांचा हट्ट बहुतेक स्वतःसाठी असतो.

पेत्राची गोष्ट त्यांनी अक्कांनाही ऐकवली होती. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "ते पेत्रनं झायं. मनं काय?" तपासनिसापेक्षा हा शेरा आबांना जास्त लागला.

मग एका दुपारी ते पुस्तक घेऊन माझ्याकडे अनवाणीच आले. मोशे रानात जळत्या झुडपापाशी उभा आहे आणि देवाला त्याचं नाव विचारतो आहे, ती जागा त्यांनी उघडली होती. "सर, देवाने किती मोठं नाव सांगावं? पण तो एवढंच सांगतो, की मी आहे. आता हे अहिराणीत म्हणा."

मी भडगावचा, अहिराणीच्याच मुलखातला, त्यामुळे अडलं नाही. "मी शे," मी म्हटलं.

आबांनी पुस्तक मिटलं आणि तसेच घरी गेले. मी मागोमाग. अक्का ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होत्या. आबा चुलीपाशी उकिडवे बसले. "आयक. देवनं नाव सापडनं. 'मी शे.' निर्गमन, अध्याय तिसरा, वचन चौदावं."

अक्कांचा हात परातीत थांबला. मग त्या हसल्या. "हाई तं तुम्ही रोज म्हनतस."

पुढच्या रविवारी अक्का चर्चला गेल्या आणि मोकळ्या प्रार्थनेला उठल्या. गायीला वासरू झालं होतं, त्याबद्दल त्यांनी भरल्या चर्चमध्ये अहिराणीतून देवाचे आभार मानले. मागे कुणी हसलं का, हे मी आबांना विचारलं. ते म्हणाले, "मी मागे वळून बघितलंच नाही." आबा तो पेपर तिसऱ्या खेपेला कसेबसे पास झाले. उत्तराचं पहिलं वाक्य तेच होतं. लाल रेघ मी मारली नव्हती.

त्यानंतर दोन पावसाळे अक्का होत्या. मग तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या.

भिंतीपलीकडे एकदम सामसूम झाली. आबा कुणाला अध्याय-वचन विचारेनात. दूधवाला स्वतःहून म्हणायचा, "आबा, आज पाणी घातलंय हां," तरी ते पातेलं पुढे करत. मला ते बघवत नसे.

एका संध्याकाळी दिवे गेले होते. बायकोने आबांसाठी भरीत-भाकरीचं ताट दिलं. मी दारातून आत गेलो तर आबा अंधारात, थंड चुलीसमोर उभे. त्यांना माझी चाहूल लागली असावी.

"शेतस का?" त्यांनी विचारलं.

कुणाला विचारलं, ते मला कळलं नाही. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "शे, आबा. मी शे."

ते माझ्याकडे वळले. मग जुन्या सवयीने म्हणाले, "अध्याय-वचन?"

"भरीत-भाकरी. गरम आहे."

आबा हसले. फार दिवसांनी हसले. आम्ही चुलीपाशीच बसलो. जेवणाआधी त्यांनी हात जोडले आणि मी घोषणेची वाट पाहू लागलो. पण त्या दिवशी तो आवाज आलाच नाही. अगदी हळू, शेजारी बसलेल्याशी बोलावं तसं, ते म्हणाले,

"देवबाप, तू शे ना? मंग तिले सांग, मी शे."