अठरा बिऱ्हाडांचं जाजम

रासकरनाना माणसाला नमस्कार करत नसत. त्याची बाही चिमटीत धरत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कापड दोनदा चोळायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "मिलचं आहे. आटणार." एवढं झालं की मग, "काय मास्तर, बरं आहे ना?" माझी चौकशी नेहमी माझ्या शर्टाच्या नंतर होई. माझ्या लग्नातल्या कोटाला त्यांनी पहिल्याच भेटीत "फसवलं तुम्हाला" असा शेरा दिला, तेव्हा माझे सासरे शेजारी उभे होते. कोट त्यांनीच घेतला होता.

नाना मूळचे नगरजवळच्या भिंगारचे, हातमागावर लुगडी विणणाऱ्या घरातले. त्या धंद्यात पोट भरेना, तेव्हा चिंचवडला येऊन कंपनीत इन्स्पेक्शन खात्यात लागले. दिवसभर बोल्ट गेजमध्ये घालून बघायचे. बसला तर पास, नाही तर लाल पेटीत. शिफ्ट संपली तरी त्यांचं इन्स्पेक्शन संपत नसे. चाळीच्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांपैकी निम्मे त्यांनी मनातल्या मनात लाल पेटीत टाकलेले असत.

आमची बैठी चाळ अठरा खोल्यांची. तिन्ही बाजूंना ज्वारी आणि चौथ्या बाजूला कारखान्याचा भोंगा. मी शाळामास्तर. उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे शाळेच्या पटांगणात नवीन शिपायाने मला दोनदा रांगेत उभं केलं होतं. नाना याच्या उलट, सहा फुटांच्या वर. अकरा नंबरच्या खोलीत एकटेच राहत. आम्ही त्यांना सडाफटिंग समजत होतो आणि त्यांनी ती समजूत कधी खोडून काढली नाही.

एके दिवशी या गृहस्थाने खोलीच्या मधोमध खड्डा खणला. चाळीचे मालक म्हणजे गावातले जुने पाटील. ते धावत आले.

"खोलीत हीर खांदली का काय, नाना?"

"माग बसवतोय, पाटील. पाय सोडून बसायला खड्डा लागतो."

पाटलांनी आत वाकून बघितलं. "बसवा. पर पानी लागलं तर ते माझं हाय," असं बजावून ते निघून गेले.

भिंगारहून मागाची लाकडं आली, माग उभा राहिला. आणि मग चाळीला मोठा आनंद झाला. खड्डा इतका उथळ आणि बसायची जागा मागाला इतकी खेटून, की नाना त्यात बसले म्हणजे त्यांचे गुडघे कानांशी येत. बोल्टमध्ये केसाएवढा फरक पकडणारा माणूस स्वतःच्या खड्ड्याचं माप चुकला! येणारा-जाणारा दारातून डोकावून म्हणे, "नाना, जरा खोल करून घ्या की राव!"

"होईल सावकाश," नाना म्हणत आणि घडी घातल्यासारखे आत उतरत.

जाजमाचा विषय निघाला तो नळाच्या भांडणातून. पाण्याच्या वेळा ठरवायला चाळीची सभा भरली होती. बसायला मांडववाल्याकडून भाड्याने जाजम आणलं होतं. चर्चा रंगात आलेली असताना मांडववाला आला, त्याला ते कुठल्याशा लग्नाला हवं होतं, आणि त्याने ते आमच्या बुडाखालून ओढून नेलं. सगळे उघड्या जमिनीवर बसून एकमेकांकडे बघत राहिले. तेव्हा नाना म्हणाले, "आपण अठरा बिऱ्हाडं. कोण मराठवाड्याचं, कोण कोकणातलं. एकमेकांची शिफ्ट माहीत, बाकी काही माहीत नाही. आपलं एक जाजम करू. मी विणतो. घरटी एक कापड आणा. अंगाला लागलेलं पाहिजे, नवं चालणार नाही. त्याच्या पट्ट्या फाडून आडव्या भरतो. आणि हेच कापड का आणलं, ते मागापाशी बसून सांगायचं. तुम्ही सांगाल तेवढा वेळ मी विणणार."

"आणि सांगायचं नसलं तर?"

"तर विणायचं नाही."

चाळीचे सेक्रेटरी पानसे. कुठलीही गोष्ट समारंभाशिवाय झाली तर ती झालीच नाही, असं त्यांचं मत होतं. नळाला नवीन चकती बसवली तेव्हाही त्यांनी प्लंबरला नारळ दिला होता. त्यांनी लगेच 'एकात्मता जाजम' असं नाव ठेवलं, सव्वीस जानेवारीचा मुहूर्त धरला, एका कंपनीतले बडे साहेब पाहुणे ठरवले आणि फीत कापण्याचं सुचवलं.

"विणलेल्या वस्तूपुढे कात्री कशाला?" नाना म्हणाले. फीत रद्द झाली. पानशांना ते फार लागलं.

पहिलं कापड घेऊन गेले शेखभाई. देहूरोडला ट्रक दुरुस्त करत. त्यांनी ऑइलचे डाग पडलेली निळी पँट मागापाशी टाकली. "ये मेरी पहली नोकरी की. बस."

दोन पट्ट्या भरल्यावर, पट्टी आडवी नेणारा धोटा हातात धरून नाना थांबले. "बोला शेखभाई, धोटा थांबलाय."

"अरे और क्या बोलूं, नाना? पँट आहे ती!"

नानांनी धोटा मांडीवर ठेवला. शेखभाईंनी विडी पेटवली, विझवली. "बहन की शादी थी," ते शेवटी म्हणाले. "उस्तादने सुट्टी नाय दिली. तिकडे निकाह चाललेला, आणि मी हीच पँट घालून गाडीखाली." धोटा सुरू झाला. पुढे ते तासभर बोलले. हे मला शेखभाईंनीच सांगितलं. नानांनी कुणाचं काही कधी बाहेर नेलं नाही.

पानसे टेरिलिनचा शर्ट आणि टाइप केलेलं मनोगत घेऊन गेले. शर्ट चिमटीत धरून नानांनी परत दिला. "याला घाम लागत नाही, साहेब. मग माणूस कुठून लागणार?" मनोगत मात्र त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. 'आजच्या या मंगल प्रसंगी'पासून 'जय हिंद'पर्यंत धोटा तसूभर हलला नाही. तिसऱ्या दिवशी पानसे आईच्या पातळाचा तुकडा घेऊन गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. "धूळ फार आहे हो आत," म्हणाले.

मीही खिडकीचा जुना पडदा नेला आणि आयुष्य हे कसं उभ्या-आडव्या धाग्यांचं असतं, याबद्दल चार बऱ्यापैकी वाक्यं बोललो.

"हे सगळ्यांचं झालं," नाना म्हणाले. "तुमचं सांगा."

मी तसाच उठलो. पडदा घेऊन परत आलो. मग आमच्या घरातून सुमन गेली, हिरव्या खणाची विरलेली चोळी घेऊन. दोन दुपारी बसली. "काय सांगितलंस?" मी विचारलं.

"जाजमाला विचारा," ती म्हणाली.

नानांना विचारलं, तर ते म्हणाले, "कापडात घातलं, संपलं." त्या जाजमावर चालताना हिरव्या पट्ट्यावर पाय देण्याचा धीर मला अजूनही होत नाही.

माग अरुंद, म्हणून जाजम रुंदीला बेताचं आणि लांबीला अफाट झालं, पंगतीसारखं. जानेवारी अर्धा सरला. पत्रिका छापून आल्या. पण नाना जाजम मागावरून उतरवेनात. "एक बिऱ्हाड राहिलंय," एवढंच म्हणत.

"कुठलं?" पानसे यादी घेऊन दारोदार फिरले. प्रत्येक घर म्हणे, आमचं दिलं. शेवटी ते माझ्याकडे आले. "मास्तर, तुमचं ऐकतात ते. उतरवा म्हणावं. साहेबांना काय दाखवू? माग दाखवू?"

ते गेल्यावर सुमन भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, अकरा नंबर. नानांचंच राहिलंय."

सतरा घरांना बोलतं करणाऱ्या माणसाला कुणीच काही विचारलं नव्हतं. मी गेलो.

"नाना, अकरा नंबरचं कापड आणा."

"अकरा नंबरचं जमत नाही, मास्तर. सांगायला लागलो की हात थांबतो. दोनदा करून बघितलं."

"मग तुम्ही सांगा. मी विणतो."

नानांनी सवयीने माझी बाही चिमटीत धरली, पण या वेळी शेरा दिला नाही. मी खड्ड्यात उतरलो. पाय खाली दाबायच्या फळ्यांवर अलगद टेकले. धोटा हाताला आला. कोपर कुठे अडलं नाही, गुडघे कुठे आपटले नाहीत. नानांना कधीच नीट न बसलेला तो खड्डा मला शिवून घेतल्यासारखा बसला.

नाना समोरच्या पाटावर बसले होते. रिकाम्या हातांनी मी त्यांना प्रथमच बघत होतो.

"बरोबर बसलात," ते म्हणाले. "तिची उंची तुमच्याएवढीच."

"कुणाची?"

"आमच्या मंडळींची. कौसल्येची. भिंगारला असते." त्यांनी ट्रंकेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला पांढरा पंचा काढला. "खरी विणकर ती. मी नुसता हात मारणारा. मी नोकरीला निघालो तेव्हा म्हणाली, माग असेल तिथं मी. आणि हा विणून दिला. अकरा वर्षं झाली. वापरला नाही."

मी पंचा चिमटीत धरला. "नाना, हे नवं आहे. तुमच्याच नियमात बसत नाही."

"तेच तर अडलंय."

त्यांनी पंचा माझ्या हातून घेतला. मग तो उलगडला आणि दोन्ही हातांनी त्यानेच तोंड पुसलं. तोंड पुसायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला.

"आता चालेल," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच पट्ट्या फाडल्या.

मी धोटा टाकला. तो अर्ध्यात अडकला. पुन्हा टाकला. "बोला नाना," मी म्हणालो, "धोटा थांबलाय."

ते बोलले. माग बसवल्यावर त्यांनी तिला पत्र टाकलं होतं. तिचं कार्ड आलं. त्यात एकच ओळ. 'खड्डा कुणाच्या मापाचा केलात?' यांनी कळवलं, 'तुझ्या.' त्याला आता तीन वर्षं होतील. उत्तर नाही. बाकीचं मी इथे लिहीत नाही. ते कापडात घातलं.

माझं विणकाम भयंकर झालं. एक कड ढिली, दुसरी आवळलेली, मधे दोन ठिकाणी धागा सुटलेला. "उसवू या नाना, तुम्ही पुन्हा विणा," मी म्हटलं.

नानांनी पट्टा चिमटीत धरला. डोळे मिटले.

"पास," ते म्हणाले.

सव्वीस जानेवारीला बडे साहेब आले. नानांनी व्यासपीठावर चढून त्यांच्या सुटाची बाही चिमटीत धरली, तेव्हा पानसे पांढरे पडले. "मिलचं आहे," नाना म्हणाले, "पण बरं आहे." साहेब खूश झाले. भाषणात पानशांनी एकात्मता अकरा वेळा आणली. लोक मात्र न सांगता आपापल्या पट्ट्यावर जाऊन बसले होते. नाना शेवटच्या वाकड्या पांढऱ्या पट्ट्यावर बसले, अगदी कडेला सरकून. शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. लहान चणीचं माणूस.

पुढच्या रविवारी शेखभाई कुदळ घेऊन अकरा नंबरमध्ये गेले. "नाना, उठा. एक घंट्यात खड्डा खोल करून देतो. आप की हालत देखी नहीं जाती."

नाना मागावर होते, गुडघे कानांशी घेऊन. त्यांनी मान वर केली नाही.

"राहू द्या, शेखभाई," ते म्हणाले. "माप बरोबर आहे."